आधी जोते, मग मेट्रो : प्राधिकरणाची पन्नास वर्षे आणि चारकोप

२६ जानेवारी १९७५ रोजी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (एमएमआरडीए) स्थापना झाली. त्या दिवशी चारकोपला सेक्टर नव्हते आणि पत्त्यात लिहायला प्लॉटचे नंबरही नव्हते. जुने गावठाण होते, बंदर पाखाडीला कोळ्यांची वस्ती होती आणि खाडीच्या अंगाला खाजण नि तिवरे होती. कांदिवली स्टेशनला उतरून पश्चिमेकडे निघालेल्या माणसाला घरे विरळ होत जाताना दिसत. आज त्याच बाजूला सेक्टरांची भरगच्च वसाहत आहे, लिंक रोडवर मेट्रोचा उन्नत मार्ग आहे आणि तिवरांच्या कडेला मेट्रोची कारशेड आहे. मधल्या पन्नास वर्षांत जे घडले त्यात प्राधिकरणाचा हात इतक्या ठिकाणी आहे, की आपल्या वसाहतीच्या स्मरणिकेत या संस्थेचा इतिहास यायलाच हवा.

आपल्याकडची तरुण मंडळी ‘एमएमआरडीए’ म्हटले की मेट्रो आणि उड्डाणपूल एवढेच सांगतात. त्यांचे घर ज्या प्लॉटवर उभे आहे तो प्लॉटही याच संस्थेने समन्वय केलेल्या प्रकल्पातून आला, हे त्यांच्या आईवडिलांना ठाऊक आहे. मुलांना कुणी सांगितलेले नाही. मला या इतिहासातून एकच गोष्ट ठामपणे मांडायची आहे. प्रदेशाचे नियोजन करणाऱ्या संस्थेचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे जी माणसे अजून आलेलीच नाहीत त्यांच्यासाठी जागा राखून ठेवणे. चारकोपच्या वाट्याला घराची जागा वेळेवर आली. प्रवासाची सोय मात्र एक पिढी उशिरा आली.

प्राधिकरणाच्या आधीची पंचवीस वर्षे समजून घेतल्याशिवाय ही संस्था का लागली ते कळत नाही. १९४८ मध्ये महापालिकेचे अभियंता एन. व्ही. मोडक आणि अमेरिकी नियोजनकार आल्बर्ट मेयर यांनी मुंबईचा पहिला ढोबळ आराखडा मांडला. शहर उपनगरांत आणि खाडीपलीकडे पसरवावे लागेल, हे त्यात होते. १९५० मध्ये जवळची उपनगरे आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतची गावे बृहन्मुंबईत आली. चारकोप महापालिकेच्या हद्दीत आले ते या दुसऱ्या खेपेला. १९५८ मध्ये स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला गेला. १९६२-६३ मध्ये विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार कंपनीने मुंबईच्या रहदारीचा अभ्यास केला आणि बेटाच्या दोन्ही बाजूंनी वेगवान रस्ते सुचवले. पुढच्या अर्धशतकात मुंबईत जे मोठे रस्ते झाले त्यांची मुळे त्या अहवालात सापडतात. माझ्या मते आपली एक मोठी चूकही तिथेच रुजली. शहरातली बहुसंख्य माणसे लोकलने, बसने आणि पायी फिरत होती आणि वाहतुकीचा विचार मात्र मोटारींच्या रस्त्यांपासून सुरू झाला.

त्या काळात माणसे कोणत्या वेगाने वाढत होती ते जनगणनेवरून दिसते. १९५१ मध्ये बृहन्मुंबईच्या क्षेत्रात सुमारे ३० लाख लोक होते. १९६१ मध्ये ते ४१ लाखांवर गेले, १९७१ मध्ये ६० लाखांच्या जवळ आणि १९८१ मध्ये ८२ लाखांवर. कचेऱ्या बेटाच्या दक्षिण टोकाला आणि नवी घरे उत्तरेला, अशी या वाढीची रचना होती. सकाळी सगळे एका दिशेला आणि संध्याकाळी सगळे उलट दिशेला. पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या रुळांवर हा सगळा भार होता.

१९६५ मध्ये नेमलेल्या प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीने सांगितले की मुंबईचा प्रश्न मुंबईच्या हद्दीत सुटणार नाही. आसपासचा सगळा प्रदेश एकत्र धरूनच विचार करावा लागेल. त्याच वर्षी चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता या तिघांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना ‘मार्ग’ नियतकालिकातून मांडली. १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, १९६७ चे प्रादेशिक नियोजन मंडळ, १९७० ची सिडको आणि १९७३ मध्ये मंजूर झालेली पहिली प्रादेशिक योजना अशी ही साखळी आहे. नोकऱ्या दक्षिणेतून हलवा, खाडीपलीकडे नवे शहर करा आणि वांद्रे-कुर्ला भागात नवे केंद्र उभे करा, असे त्या योजनेचे सार होते.

योजना मंजूर झाली तरी ती राबवायची कुणी, हा प्रश्न उरला. समजा, चारकोपची एक बाई १९९० मध्ये फोर्टातल्या कचेरीत कामाला निघाली. तिचे घर म्हाडाच्या प्लॉटवर, दारातला रस्ता महापालिकेचा, बस बेस्टची, लोकल केंद्र सरकारच्या पश्चिम रेल्वेची. एका माणसाच्या एका प्रवासात चार संस्था, आणि चौघींचे अंदाजपत्रक वेगळे, वरिष्ठ वेगळे, प्राधान्यक्रम वेगळे. बस किती वाजता सोडावी हे ठरवताना लोकल किती वाजता येते हे विचारणे कुणाच्या कर्तव्यात बसत नव्हते. अशा वेगवेगळ्या संस्थांना एका टेबलावर बसवण्यासाठीच १९७४ च्या कायद्याने प्राधिकरण निर्माण केले होते. प्रदेशाची योजना करणे, वेगवेगळ्या संस्थांच्या प्रकल्पांत मेळ घालणे, त्यांना अर्थसाह्य देणे ही त्याची मूळ कामे. स्वतः बांधकाम करणे हे सुरुवातीला त्याच्या कामाचे केंद्र नव्हते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे नेमके तेच केंद्र झाले.

१९७७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलासाठी प्राधिकरणाची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. मिठी नदीकाठच्या सखल, दलदलीच्या जमिनीवर त्याने कचेऱ्यांचे नवे केंद्र उभे केले. तिथले भूखंड भाडेपट्ट्याने देऊन आलेला पैसा पुढे रस्ते, पूल आणि मेट्रोसाठी वापरला गेला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नोकऱ्या खरोखरच उत्तरेला सरकल्या. आपल्या वसाहतीत पहिल्या पिढीचे नोकरदार चर्चगेट आणि फोर्टाला जात. त्यांची मुले वांद्रे, अंधेरी किंवा मालाडच्या माइंडस्पेस या कचेऱ्यांच्या संकुलात जातात. आपल्या मेट्रोचा मार्ग लिंक रोडने अंधेरीकडे का आखला गेला, त्याचे बरेचसे उत्तर या बदलात आहे.

आता आपल्या घरची गोष्ट. १९८५ मध्ये जागतिक बँकेच्या १३ कोटी ८० लाख डॉलरच्या कर्जातून मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला आणि १९९४ पर्यंत चालला. समन्वय प्राधिकरणाचा; जमिनीवरचे काम म्हाडा, सिडको अशा संस्थांचे. प्रकल्पाचे दोन मोठे भाग होते. एकात झोपडपट्ट्यांच्या जमिनी तिथल्याच रहिवाशांच्या सहकारी संस्थांना भाडेपट्ट्याने देऊन सुधारणा करायची होती. दुसऱ्यात मोकळ्या जमिनीवर रस्ते, पाणी, गटारे, दिवे करून लहान प्लॉट पाडायचे आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना द्यायचे होते. चारकोप, गोराई, मालवणी इथल्या म्हाडाच्या वसाहती या दुसऱ्या भागातल्या.

या योजनेमागचा विचार आजही मला फार शहाणपणाचा वाटतो. सरकारने गरिबाला पूर्ण घर बांधून द्यायचे ठरवले तर पैसे संपतात आणि रांग संपत नाही. पण रस्ता, पाण्याची जोडणी, मलनिस्सारण आणि जमिनीचा पक्का हक्क या चार गोष्टी एकट्यादुकट्या कुटुंबाला कधीच उभ्या करता येत नाहीत. त्या सरकारने द्याव्यात. भिंती, छप्पर, पोटमाळा, पहिला मजला हे कुटुंब आपापल्या ऐपतीने करत जाईल. अल्प उत्पन्न गटाला २५, ३०, ४० चौरस मीटरचे प्लॉट मिळाले. त्याच आराखड्यात मोठे निवासी आणि व्यापारी भूखंड ठेवले आणि ते चढ्या दराने दिले. त्या पैशाने लहान प्लॉटांचा बोजा हलका झाला. त्यामुळे एकाच सेक्टरात बैठी घरे, बहुमजली इमारती, शाळा आणि बाजार शेजारी शेजारी आले. शिपाई आणि बँकेतला अधिकारी यांची मुले एकाच रस्त्यावरून शाळेत गेली, याचे कारण आराखड्यात आहे.

लहान प्लॉटांची मांडणी पाहण्यासारखी आहे. साधारण पस्तीस प्लॉटांचा एक गट, मध्ये सामाईक चौक आणि त्या गटाची एक सहकारी गृहनिर्माण संस्था. चौकात वाहन आत येत नाही, त्यामुळे पंचवीस चौरस मीटरच्या घराला चौकाचा अंगणासारखा उपयोग होतो. उन्हाळ्यात कुरडया-पापड तिथेच वाळतात, हळदीचा मांडव तिथेच पडतो, गणपतीची आरास तिथेच होते आणि संस्थेची सर्वसाधारण सभाही खुर्च्या टाकून तिथेच भरते. बहुतेक घरांना बाहेरून लोखंडी जिना दिसतो. खाली आईवडील, वर लग्न झालेला मुलगा किंवा भाडेकरू. एका घराचा वरचा मजला दहा वर्षांनी चढला, दुसऱ्याचा वीस वर्षांनी. प्रत्येकाने भिशी, पतपेढी, भविष्य निर्वाह निधीतली रक्कम अशा वाटांनी पैसा जमवला.

जागतिक बँकेने मात्र पुढे अशा योजनांतून अंग काढून घेतले. प्लॉट भरायला वेळ लागतो, वसाहती ओसाड दिसतात, खरे गरजू विकून निघून जातात, अशी टीका होती. चारकोपचे पहिले रहिवासी ती ओसाडी विसरलेले नाहीत. पण वीस वर्षांनी कॅथरिन ओवेन्स, सुमिला गुल्याणी आणि अँड्रिया रिझवी या अभ्यासकांनी मुंबई आणि चेन्नईतल्या अशा वसाहती पुन्हा तपासल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की ज्यांना अपयश समजले गेले त्या वसाहती राहण्याजोग्या, मिश्र उत्पन्नाच्या आणि नीट चालणाऱ्या झाल्या आहेत. चारकोप त्या अभ्यासात आहे. आपल्या वसाहतीला मिळालेला हा मान मला कुठल्याही पुरस्काराहून मोठा वाटतो.

घराच्या बाबतीत जे साधले ते प्रवासाच्या बाबतीत साधले नाही. वसाहत वसली तेव्हा कांदिवली स्टेशनपर्यंत जायला बस आणि रिक्षा एवढेच होते, आणि स्टेशन पायी जाण्याइतके जवळ नाही. नोकरदाराचा दिवस स्टेशन गाठण्याच्या खटपटीने सुरू होई. बस उशिरा आली तर ठरलेली लोकल चुके आणि लोकल चुकली की हजेरीपटावर लाल शेरा. मग शेअर रिक्षा सुरू झाल्या. पावसाळ्यात स्टेशनबाहेरची रांग वळसा घेऊन लांब जाई. भाजीच्या पिशव्या, ओल्या छत्र्या आणि शिकवणीहून परतणारी मुले घेऊन बायका त्यात उभ्या असत. संध्याकाळी घरी पोचायला उशीर झाला तर शेजारीण मुलांना जेवू घाली. ही गोष्ट वाहतुकीच्या कुठल्याच अहवालात नोंदली जात नाही, पण नियोजन चुकल्याची किंमत अशीच चुकवली जाते.

लोकलमध्ये काय होते, ते सांगायला नकोच. तेव्हाच्या नऊ डब्यांच्या गाडीची बसून-उभे मिळून क्षमता सुमारे १,७०० आणि गर्दीच्या वेळी तीत साडेचार हजारांहून अधिक माणसे असत. उभ्या प्रवाशांचा हिशेब एका चौरस मीटरला चौदा ते सोळा. रेल्वेने या अवस्थेला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असे नाव दिले.

प्राधिकरणाला हे कळत नव्हते, असे म्हणता येणार नाही. १९८३ मध्ये केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने प्रदेशाच्या रस्त्यांचा अभ्यास केला, १९९४ मध्ये डब्ल्यू. एस. ॲटकिन्सने सर्वंकष वाहतूक आराखडा दिला. दुसरी प्रादेशिक योजना १९९९ मध्ये मंजूर झाली. त्याच वर्षी रेल्वे आणि राज्य सरकारने मिळून मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन केले आणि २००२ पासून जागतिक बँकेच्या साह्याने मुंबई नागरी परिवहन प्रकल्प सुरू झाला. लोकल बारा डब्यांच्या झाल्या, बोरिवली-विरार चौपदरीकरण २००७ मध्ये पुरे झाले, जोगेश्वरी-विक्रोळी आणि सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ते रुंद झाले किंवा नव्याने झाले. रुळांलगतच्या आणि रस्त्यांतल्या हजारो कुटुंबांचे पुनर्वसन करावे लागले. ते नीट होत नाही अशा तक्रारी गेल्या आणि २००६ मध्ये जागतिक बँकेने काही महिने कर्जाचा तो भाग थांबवला. सांताक्रूझ-चेंबूर रस्ता वाहतुकीला खुला व्हायला २०१४ उजाडले. वस्ती बसल्यावर रस्ता काढायचा म्हणजे किती वर्षे जातात आणि किती घरे मोडावी लागतात, याचा हा धडा संस्थेने स्वतःच्या कामातून घेतला. चारकोपमध्ये रस्ते आधी आखून मग घरे आली, म्हणून आपल्याकडे ते दुःख आले नाही.

२००५ मध्ये प्राधिकरणाने जो अभ्यास हाती घेतला त्याच्याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण दीर्घ पल्ल्याचे वाहतूक नियोजन प्रत्यक्षात कसे होते हे फार थोड्यांना माहीत असते. ‘ट्रान्सफॉर्म’ या नावाने तो ओळखला जातो. काम ली असोसिएट्स या सल्लागारांनी केले आणि अहवाल २००८ मध्ये आला. नजर होती २०३१ सालावर. त्यासाठी प्रदेशातल्या सुमारे ६६ हजार कुटुंबांची घरोघर जाऊन पाहणी झाली. प्रश्न साधे असतात. काल घरातले कोण कोण बाहेर पडले, किती वाजता, कुठे गेले, कशासाठी, कशाने, मध्ये वाहन किती वेळा बदलले, पैसे किती लागले. आजी मंदिरात चालत गेल्या, हीसुद्धा एक फेरी. मुलगा सायकलवर क्लासला गेला, तीही फेरी.

ही उत्तरे एकत्र करून प्रदेशाचे लहान लहान विभाग पाडतात आणि चार प्रश्नांची उत्तरे काढतात. कोणत्या विभागातून रोज किती माणसे निघतात, ती कोणत्या विभागात जातात, कोणत्या साधनाने जातात आणि कोणत्या वाटेने. मग वीस-पंचवीस वर्षांनी प्रत्येक विभागात किती माणसे राहतील आणि किती नोकऱ्या असतील याचा अंदाज घालून हेच गणित पुन्हा मांडतात. ज्या वाटेवर भार पेलेनासा होतो तिथे नवी मार्गिका सुचवतात. सगळा डोलारा शेवटी त्या अंदाजावर उभा असतो. तो चुकला तर खांब चुकीच्या जागी उभे राहतात.

या पाहणीतून एक गोष्ट लख्ख दिसली. प्रदेशातल्या एकूण फेऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास फेऱ्या निव्वळ पायी होत्या. वाहनाने होणाऱ्या फेऱ्यांतही बहुतांश लोकल आणि बसच्या. म्हणजे प्रदेशाचा प्रवासी मुख्यतः चालणारा माणूस होता. प्राधिकरणाने त्यावर स्कायवॉक बांधून पाहिले. पहिला २००८ मध्ये वांद्रे पूर्वेला झाला. काही उपयोगी पडले, बरेच ओस राहिले. चालणाऱ्याला जिने चढवून वर पाठवायचे आणि खालचा रस्ता वाहनांना मोकळा ठेवायचा, हा उपाय मला कधीच पटला नाही. फुटपाथ रुंद आणि सलग असता तर निम्मा प्रश्न जमिनीवरच सुटला असता.

मेट्रोचा विचार याच सुमाराचा. २००४ मध्ये मुंबईसाठी सुमारे १४६ किलोमीटरचा मेट्रो आराखडा तयार झाला. पहिली मार्गिका वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर, ती ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. दुसरी आपली : चारकोप-वांद्रे-मानखुर्द, सुमारे ३२ किलोमीटर. ऑगस्ट २००९ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते तिची पायाभरणी झाली आणि २०१० मध्ये खासगी समूहाशी सवलत करार झाला. वसाहतीत तेव्हा काय आनंद होता! घर घेताना दलाल ‘मेट्रो येतेय’ म्हणून भाव सांगू लागले, ज्येष्ठांनी आपल्या हयातीत ती बघायला मिळावी अशी इच्छा बोलून दाखवली.

काम पुढे सरकलेच नाही. कारशेडसाठी धरलेल्या चारकोप आणि मानखुर्दच्या जमिनी किनारा नियमन क्षेत्राच्या अडचणीत सापडल्या. मार्गासाठी लागणारी जागा ताब्यात देणे, परवानग्या आणि खर्च यांचा तिढा वाढत गेला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये तो करार संपुष्टात आणला गेला. पाच वर्षे कागदावर गेली. १९८० च्या दशकात चारकोपचे प्लॉट आखताना शाळेला, बाजाराला, उद्यानाला जागा धरली होती. त्याच वेळी आगगाडीच्या डेपोलाही पक्क्या जमिनीवर एक तुकडा धरला असता तर ही पाच वर्षे वाचली असती. १९७३ ची प्रादेशिक योजना हाती असणाऱ्या संस्थेकडून ही अपेक्षा अवाजवी नाही.

त्यानंतर प्राधिकरणाने मार्ग बदलला. मार्गिका दोन तुकड्यांत केली आणि खासगी भागीदाराची वाट न बघता बांधकाम स्वतःकडे घेतले. दहिसर ते डी. एन. नगर ही ‘२ अ’ आणि तिथून पुढे मंडाळेपर्यंतची ‘२ ब’. ११ ऑक्टोबर २०१५ रोजी ‘२ अ’ आणि पश्चिम द्रुतगती महामार्गावरील ‘७’ या मार्गिकांचे भूमिपूजन झाले. ‘२ अ’ ची लांबी १८.६ किलोमीटर, स्थानके १७, अंदाजित खर्च ६,४१० कोटी रुपये. लिंक रोडच्या मधोमध पत्रे लागले आणि पुढची पाच-सहा वर्षे धूळ, खड्डे आणि कोंडी यांत गेली. रात्री मोठ्या क्रेनने काँक्रीटचे तुकडे उचलून दोन खांबांच्या मध्ये ओवले जात; कडेच्या इमारतींतली मुले गॅलरीत उभी राहून ते बघत.

बंगळूरुच्या बीईएमएल कारखान्यात तयार झालेली पहिली गाडी २०२१ च्या सुरुवातीला चारकोप कारशेडमध्ये दाखल झाली. त्याच वर्षी ३१ मे रोजी चाचणी झाली. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, डहाणूकरवाडी ते आरे हा पहिला टप्पा सुरू झाला. १९ जानेवारी २०२३ रोजी अंधेरी पश्चिमेपर्यंतच्या उरलेल्या भागाचे उद्घाटन झाले. पहिल्या टप्प्याचे टोक डहाणूकरवाडीला आले ते कारशेड इथे असल्यामुळे. म्हणजे चारकोपच्या जमिनीचा उपयोग सगळ्या मार्गिकेला झाला. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ज्यांनी रिकाम्या जोत्यावर भिंती उभ्या केल्या त्यांतले कितीतरी जण त्या पाडव्याला नातवंडांना घेऊन गाडीत बसले होते.

लिंक रोड आधीपासून रुंद राखला होता म्हणून हे शक्य झाले. मेट्रोचा खांब उभा करायला रस्त्याच्या मध्ये जागा लागते आणि दोन्ही बाजूंना वाहतूक चालू ठेवावी लागते. जुन्या कांदिवली-मालाडच्या अरुंद रस्त्यांवर ही मार्गिका आणायची तर शेकडो घरे-दुकाने पाडावी लागली असती. ज्या नगररचनाकारांनी रिकाम्या खाजणाकडेला एवढा रुंद रस्ता नकाशावर काढला त्यांची नावे कुठल्याच कोनशिलेवर नाहीत. या मार्गिकेचे श्रेय वाटताना त्यांचा वाटा मी पहिला काढेन.

मेट्रोने स्टेशन गाठण्याचा त्रास पुष्कळ कमी केला, पण सगळ्यांचा नाही. लिंक रोडलगत राहणारा माणूस चालत डहाणूकरवाडी किंवा वळनई स्थानकावर जातो. आतल्या सेक्टरातल्या माणसाला आजही रिक्षा लागते आणि महिन्याचा हिशेब केला तर रिक्षाचे पैसे मेट्रोच्या तिकिटाला गाठतात. बेस्टच्या गाड्या गेल्या काही वर्षांत कमी झाल्या आहेत. स्थानकाला जोडणाऱ्या लहान बसच्या फेऱ्या, सलग फुटपाथ, सायकल ठेवायला जागा ही कामे मेट्रोच्या तुलनेत किरकोळ खर्चाची आहेत. पुन्हा तेच घडते आहे : गाडी प्राधिकरणाची, बस बेस्टची, फुटपाथ महापालिकेचा.

आणि इथे या संस्थेविषयी माझी खरी काळजी आहे. अटल सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले, ठाणे-बोरिवली जोडबोगद्याचे भूमिपूजन त्याच वर्षी जुलैमध्ये झाले, मेट्रोच्या अनेक मार्गिका चालू आहेत. प्राधिकरण आज देशातल्या मोठ्या बांधकाम संस्थांपैकी एक आहे. १९७४ च्या कायद्याने त्याला दिलेले पहिले काम मात्र सगळ्यांना एका टेबलावर बसवण्याचे होते. २०१९ मध्ये प्रदेशाची हद्द वाढून ६,३२८ चौरस किलोमीटर झाली. पालघर, अलिबाग, खालापूरपर्यंतची गावे त्यात आली. २०३६ पर्यंतची तिसरी प्रादेशिक योजना मंजूर झाली आहे. त्या नव्या हद्दीत आज जी शेते आणि खाजणे आहेत तिथे उद्याची चारकोप वसणार आहेत. त्यांच्यासाठी रस्त्यांची रुंदी, डेपोची जमीन आणि गाडीचा मार्ग आताच नकाशावर राखला जाईल का, हे पन्नाशीनंतरच्या प्राधिकरणाचे काम आहे.

आपल्यापुरता ताजा प्रश्न आहे पुनर्विकासाचा आणि नव्या रस्त्याचा. महापालिकेच्या वर्सोवा-दहिसर सागरी मार्गाच्या आखणीत मालाड माइंडस्पेस ते चारकोप असे जुळे बोगदे आहेत आणि पुढे चारकोप ते गोराई असा टप्पा आहे. त्यासाठी तिवरे तोडावी लागणार आहेत. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना खाडीकाठची तिवरे कशासाठी असतात हे शिकवावे लागत नाही, म्हणून त्या आखणीकडे वसाहतीने डोळ्यांत तेल घालून बघायला हवे. दुसरीकडे अनेक संस्थांमध्ये गट एकत्र करून इमारती उभारण्याची चर्चा चालू आहे. घर मोठे व्हावे, लिफ्ट मिळावी, ही इच्छा रास्तच आहे. पण पस्तीस कुटुंबांसाठी आखलेल्या चौकाच्या जागी किती कुटुंबे येतील, त्यांची वाहने किती असतील, आतले रस्ते, पाणी आणि मेट्रो स्थानक यांवर किती भार येईल, हा हिशेब एकेका संस्थेच्या प्रस्तावात कुठेच दिसत नाही. तो सेक्टरचा मिळूनच करावा लागतो.

म्हणून माझी एक सूचना आहे. पुनर्विकासाचा ठराव करताना प्रत्येक संस्थेने प्रस्तावित घरांची संख्या लिहून ठेवावी, सेक्टरनिहाय बेरीज करावी आणि ती प्राधिकरणाच्या वाहतूक विभागाला व महापालिकेच्या विभाग कार्यालयाला एकाच वेळी द्यावी. २०४१ पर्यंतचे वाहतूक नियोजन करताना चारकोपच्या रकान्यात जो आकडा भरला जाईल तो मग निदान आपण दिलेला असेल.